राखून ठेवलेला दम : टर्बो, बूस्ट आणि इंजिनाचे आयुष्य

३० मे १९५२ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या मोटार शर्यतीत सर्वांत पुढच्या जागेवर एक डिझेल गाडी उभी होती. डिझेल इंजिन ट्रकला आणि जनरेटरलाच शोभते, असे मानण्याचा तो काळ. कमिन्स कंपनीने आपले ६.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन आडवे करून एका बुटक्या गाडीत बसवले होते आणि त्याला टर्बोचार्जर जोडला होता. चालक फ्रेड अगाबाशियन याने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांची सरासरी गाठून पहिली जागा मिळवली होती. टर्बो लावलेली गाडी त्या शर्यतीत प्रथमच उतरत होती. शर्यत २०० फेऱ्यांची. ही गाडी ७१ फेऱ्यांनंतर थांबली. कारण अगदी साधे निघाले. टर्बोचे हवा ओढणारे तोंड जमिनीच्या फार जवळ होते आणि धावपट्टीवरचा टायरच्या रबराचा चुरा आत ओढला जाऊन ते चोंदले होते. एवढे ताकदवान इंजिन कचऱ्यामुळे बाद झाले.

ही हकीकत सातारा-सांगलीच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच किर्लोस्कर समूहाने १९६२ मध्ये कमिन्सबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी काढली. आज कमिन्सचे मोठे कारखाना-संकुल सातारा जिल्ह्यात फलटणला आहे. साताऱ्याचे धनजीशा कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्या कारखान्याचे नाव देशातल्या अगदी सुरुवातीच्या डिझेल इंजिनांशी जोडलेले आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून अभियंते घडवते आहे. इंजिन हा या भागाच्या घरचाच विषय आहे.

या मुलखाच्या पूर्व टोकाला जत आहे. क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका, पर्जन्यछायेतला, कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला. गुहागर-विजापूर महामार्ग कोकणच्या किनाऱ्यावरून निघतो, चिपळूण सोडल्यावर कुंभार्ली घाट चढतो, कराड आणि विटा मागे टाकून जतच्या माळावर येतो आणि पुढे विजापूरकडे जातो. टर्बो इंजिनाची परीक्षा पाहणारे बहुतेक सारे या एकाच रस्त्यावर भेटते. आधी किनाऱ्यावरची दमट हवा, मग घाटातली खालच्या गिअरमधली ओढ, आणि शेवटी उन्हाने तापलेला, वाऱ्याने धूळ उडवणारा मोकळा रस्ता. डाळिंब आणि द्राक्षे वाहणाऱ्या पिकअप गाड्या, स्कॉर्पिओ, थार आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांनी गावी आणलेल्या टर्बो पेट्रोल कार या रस्त्यावर एकत्र धावतात. बॉनेट उघडले तर यांतल्या बहुतेकींत टर्बो सापडतो.

अशा गाडीचा तरुण मालक गॅरेजमध्ये जो प्रश्न घेऊन येतो तो ठरलेला असतो : पिकअप अजून वाढेल का? उत्तर बहुधा ‘वाढेल’ असेच असते आणि ते खरेही असते. लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलला (यालाच रीमॅप म्हणतात), बूस्ट थोडा चढवला, की त्याच दिवशी गाडी वेगळी भासू लागते. प्रश्न पुढचा आहे. ते इंजिन आता किती किलोमीटर चालेल? उरलेले आयुष्य कशावर ठरेल? पुढील पानांचा विषय हा आहे, आणि त्यांतले मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकलेले बरे. कंपनीने इंजिनात जो दम राखून ठेवलेला असतो तो कुणाच्या नजरचुकीने शिल्लक राहिलेला नसतो. तो उन्हाळ्यासाठी, घाटासाठी, धुळीसाठी, कमी प्रतीच्या इंधनासाठी आणि उशिरा बदललेल्या ऑइलसाठी राखलेला असतो. जतसारख्या ठिकाणी त्यातला बराचसा भाग रोजच्या चालण्यातच खर्च होत असतो.

बूस्ट म्हणजे काय, हे आधी पाहू. चुलीत फुंकणीने हवा मारली की जाळ वाढतो. इंजिनाचेही तसेच आहे; जास्त इंधन जाळायचे तर जास्त हवा हवी. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच भागवते. टर्बो ती हवा दाबून आत ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. त्याच्यावर टर्बोने जो दाब चढवला तो बूस्ट. १ बार बूस्ट म्हणजे चौरस इंचाला सुमारे साडेचौदा पौंड. इंजिनाच्या तोंडाशी एकूण दाब तेव्हा २ बार होतो आणि सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा मावू शकते.

हे काम फुकट वाया जाणाऱ्या शक्तीवर चालते. सायलेन्सरकडे निघालेला तप्त वायू टर्बोचा एक पंखा फिरवतो; त्याच शाफ्टवर बसलेला दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून दाबतो. छोट्या कारमधला हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनात गरम बाजूचे तापमान ९५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिथून काही बोटांच्या अंतरावर थंड हवेचा पंखा फिरत असतो. मधे शाफ्टला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. बूस्ट प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप काही वायू टर्बोला वळसा घालून बाहेर सोडते. किती वायू सोडायचा, हे आता संगणक ठरवतो आणि रीमॅपमध्ये नेमके हेच गणित बदलले जाते.

कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने १९३८ मध्ये टर्बो लावलेला ट्रक काढला. कारमध्ये टर्बो आला १९६२ मध्ये, अमेरिकेत, आणि त्या पहिल्या प्रयत्नातच बूस्ट आणि आयुष्य यांचे भांडण उघड झाले. ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ होते, टर्बो इंजिनासाठी त्या काळी फारच जास्त. बूस्ट अवघा चौरस इंचाला ५ पौंडांचा. तरीही इंजिन नॉक होऊ नये, म्हणजे आतले मिश्रण आपोआप भडकू नये, म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय करावी लागली. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरायची होती. बरेच मालक ते विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी होई, गाडी मंदावे आणि तक्रार येई. दोन वर्षांत हे मॉडेल बंद पडले. अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवले गेले. इंजिनाचे आयुष्य मालकाच्या शिस्तीवर सोपवले तर काय होते, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडा फॉर्म्युला वनने दिला. १९७७ मध्ये रेनोने सिल्व्हरस्टोनला टर्बो गाडी उतरवली. ती इतक्यांदा धूर सोडून थांबे की प्रतिस्पर्ध्यांनी तिला पिवळी किटली म्हणायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, दिजाँच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये रेनोच्या टर्बो इंजिनाने पहिला विजय मिळवला. १९८३ मध्ये नेल्सन पिके ब्रॅबम-बीएमडब्ल्यू गाडीतून जगज्जेता झाला. त्या गाडीचे इंजिन फक्त दीड लिटरचे, चार सिलिंडरचे होते. १९८६ पर्यंत पात्रता फेरीत त्यावर ५ बारहून जास्त बूस्ट दिला जाऊ लागला आणि शक्ती १३०० अश्वशक्तीच्या आसपास गेल्याचा अंदाज केला जातो. अशा इंजिनाचे आयुष्य मोजक्या फेऱ्यांचे असे. पात्रता फेरी संपली की ते काढायचे आणि शर्यतीसाठी दुसरे बसवायचे.

मग नियम बदलले. १९८७ मध्ये दाबाची मर्यादा ४ बार झाली, १९८८ मध्ये अडीच बार, आणि १९८९ पासून टर्बोवर बंदी आली. अडीच बारच्या वर्षात होंडाच्या इंजिनावर मॅकलॅरेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. दाब घटवूनही ते जिंकले, कारण त्यांनी इंधनाचा, तापमानाचा आणि ज्वलनाचा हिशेब इतरांपेक्षा नीट जमवला होता. २०१४ मध्ये टर्बो परत आला तेव्हा आणखी एक अट आली : एका चालकाला पूर्ण हंगामात पाचच इंजिने. २०१८ पर्यंत ती संख्या तीनवर आली आणि त्या वर्षी शर्यती २१ होत्या. मोजक्या फेऱ्या टिकणारे इंजिन ते सात शर्यतींच्या आठवड्यांना पुरणारे इंजिन, एवढा हा प्रवास आहे. शक्ती आणि आयुष्य यांचे वैर अटळ नाही, हे त्यातून दिसते. मात्र दोन्ही हवे असतील तर प्रत्येक भाग त्या हिशेबाने घडवावा लागतो.

हाच हिशेब महाराष्ट्राच्या कारखान्यांतही मांडला गेला आहे. २००४ मध्ये स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळणी होणारी ही गाडी देशातली पहिली टर्बो पेट्रोल कार म्हणून ओळखली जाते. २०१३ मध्ये चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली, १.२ लिटरमधून १०५ पीएस. त्याआधी, २०१० पासूनच, फोक्सवॅगनने पोलो चषकाच्या शर्यती सुरू केल्या होत्या. मोठ्या शहरांबाहेरच्या अनेक तरुणांना टर्बोचे वेड लावले ते याच गाड्यांनी.

या लेखनाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र रांजणगावचे आहे. फियाटने तिथे १.४ लिटरचे टी-जेट इंजिन दोन अवतारांत दिले. २०१० च्या लिनिया टी-जेटमध्ये ते ११४ पीएस देई. २०१५ च्या अबार्थ पुंटोमध्ये त्याच आकाराचे इंजिन १४५ पीएस देऊ लागले. शक्ती पाव पटीहून जास्त वाढली. टॉर्क किती वाढला? २०७ न्यूटन मीटरवरून २१२ वर. जवळपास वाढलाच नाही.

यात कंपनीच्या अभियंत्याचा विचार दिसतो. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाचा जोर टॉर्कमध्ये दिसतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केट यांच्यावर पडणारा भार त्याच्याबरोबर वाढतो. अबार्थमध्ये एकेका स्फोटाचा कमाल जोर फारसा वाढवलेला नाही. तो जोर वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून धरला आहे. शक्ती तिथून मिळाली. बाजारातल्या स्वस्त रीमॅपची रीत नेमकी उलटी असते. ग्राहकाला शहरात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये झटका जाणवला पाहिजे, म्हणून खालच्या फेऱ्यांतच बूस्ट चढवला जातो. फेऱ्या कमी आणि दाब जास्त, ही रॉड आणि पिस्टनसाठी सर्वांत वाईट स्थिती.

भार म्हणजे किती, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. टी-जेटच्या पिस्टनचा व्यास ७२ मिलिमीटर. ज्वलनाच्या क्षणी आतला दाब ८० बार धरला, तर त्या तळहाताएवढ्या पिस्टनवर सव्वातीन टनांहून जास्त जोर येतो. मिनिटाला ५५०० फेऱ्यांना असे स्फोट एका सिलिंडरमध्ये सेकंदाला जवळपास ४६ वेळा होतात. ताशी ५० किलोमीटरची सरासरी आणि मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या, तर १ लाख किलोमीटरसाठी इंजिन २००० तास चालते आणि २४ कोटी फेऱ्या पूर्ण करते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये १२ कोटी स्फोट. धातू एका मोठ्या फटक्याने क्वचितच तुटतो. तो थकतो. भार थोडासा वाढला तरी तो फार लवकर थकू शकतो. म्हणूनच रीमॅपनंतर सहा महिने काही झाले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘कंपनी स्वतःच एक इंजिन दोन ताकदींत विकते, मग आपण का नाही?’ हा युक्तिवाद जतच्या चौकातही ऐकू येतो आणि त्याला आधारही आहे. २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये २.२ लिटरचे डिझेल इंजिन खालच्या प्रकारांत १३२ पीएस आणि वरच्या प्रकारांत १७५ पीएस देते. महिंद्राचेच दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २०२० च्या थारमध्ये १५० पीएस देते आणि एक्सयूव्ही ७०० मध्ये २०० पीएस. पण नाव आणि आकार सारखे असले म्हणून टर्बो, इंटरकूलर, रेडिएटर, इंजेक्टर आणि गिअरबॉक्स सारखेच असतील, असे धरून चालता येत नाही. पोलो जीटीच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची टॉर्क सोसण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. इंजिनाने साथ दिली तरी गिअरबॉक्स देईलच असे नाही. शिवाय जादा ताकदीचा प्रकार बाजारात आणण्यापूर्वी कंपनी तो टेस्ट बेंचवर शेकडो तास पूर्ण भाराने चालवते आणि पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या, १९६६ पासून काम करणाऱ्या संस्थेत प्रमाणपत्रासाठी तपासून घेते. गॅरेजमधली फाइल अर्ध्या तासात चढते. तिच्यामागे असे तास नसतात.

आता जतच्या उन्हाकडे येऊ. हवा दाबली की तापते. हा निसर्गनियम आहे. २७ अंशांची हवा १ बार बूस्टने दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १२० अंशांवर पोहोचते. मे महिन्यात सुरुवातच ४० अंशांनी झाली, तर तीच हवा १३८ अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण त्याच्या जाळीतून जाणारी बाहेरची हवाही ४० अंशांचीच असते, आणि बंपरखालच्या जाळीत चिखल-किडे अडकले असतील तर तेवढीही मदत मिळत नाही. गरम हवेत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून संगणक तीच ताकद टिकवायला टर्बोला आणखी पळवतो. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी असतो. तिथेही टर्बो जास्त फिरून तूट भरून काढतो. कारखान्याच्या नकाशात या दोन्ही प्रसंगांसाठी जागा सोडलेली असते. रीमॅपने ती आधीच वापरून टाकली असेल, तर उन्हाळ्यात किंवा घाटात टर्बोकडे देण्यासारखे काही उरत नाही.

तापलेल्या हवेचा पुढचा धोका नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा तुटतात. मग कॉम्प्रेशन जाते, गाडी ऑइल खाऊ लागते. इंजिनावरचा सेन्सर नॉकचा आवाज ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. ही राखण चांगली असली तरी तिला मर्यादा आहे. आधुनिक डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत तर एक वेगळाच प्रकार दिसला : कमी फेऱ्यांत, जास्त भाराखाली, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते. एकच असा स्फोट पिस्टन फोडू शकतो. सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेले ऑइलचे थेंब आणि ऑइलमधले कॅल्शियमयुक्त घटक यांचा त्याच्याशी संबंध आढळला. त्यावरून ऑइलचे मानकच बदलले. २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. टर्बो पेट्रोल गाडीत ‘कोणतेही चांगले ऑइल’ चालत नाही, त्यामागे हे कारण आहे. आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रेंगाळत असताना एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबण्याची सवय मोडायला हवी, तीही यासाठीच.

इंधनाची बाजूही सांगली-साताऱ्याशी जोडलेली आहे. इथल्या उसापासून बनणारे इथेनॉल आता देशभरच्या पेट्रोलमध्ये आहे. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०० च्या वर असतो आणि बाष्प होताना ते हवा थंड करते. दोन्ही गुण टर्बोला पोषक आहेत. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मिश्रणातल्या त्याच्या प्रमाणानुसार इंजेक्टरला जास्त इंधन सोडावे लागते. ज्या रीमॅपने इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला नेले आहेत, त्यात मिश्रण पातळ पडण्याचा धोका राहतो. आणि पूर्ण बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन.

डिझेलचा स्वभाव वेगळा आहे. त्यात पेट्रोलसारखे नॉकिंग नसते; उलट हवा जास्त असली तर वायूचे तापमान उतरते. नुकसान होते ते हवेपेक्षा डिझेल जास्त झाल्यावर. जुन्या गाड्यांत पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवत. नव्या गाड्यांत तेच काम फाइल करते. चढावर मागे काळा धूर सोडणारी पिकअप न जळलेले इंधन आणि जादा उष्णता दोन्ही बाहेर टाकत असते. त्या काजळीने टर्बोच्या हलत्या पात्या अडकतात, पिस्टनचा माथा भाजतो आणि सिलिंडर हेडला तडे जाऊ शकतात.

यानंतर धूळ, आणि इथे जतची गोष्ट इंडियानापोलिसच्या जवळ जाते. एअर फिल्टरचा कागद फाटला, डब्याचे झाकण नीट बसले नाही किंवा फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या नळीची क्लिप ढिली झाली, की माळावरची बारीक धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते. दीड-दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांच्या कडा ती झिजवते. तिथून पुढे ती सिलिंडरमध्ये उतरते आणि ऑइलमध्ये मिसळून रिंग, बोअर, बेअरिंग सगळेच घासते. कॉम्प्रेसरचा जोर चढवाल, तेवढी हवा जास्त आणि तिच्यासोबत धूळही. फिल्टरला जोराची हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची सवय सर्वत्र आहे. त्या माऱ्याने कागदाला बारीक छिद्रे पडू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. जत तालुक्यातल्या उमदी-संखच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीने पुस्तिकेतल्या धुळीच्या भागाच्या वेळापत्रकाप्रमाणे नवा फिल्टर घालावा. टर्बोसाठी याहून स्वस्त विमा नाही.

ऑइल हा टर्बोचा प्राण. टर्बो निकामी होण्याची नेहमीची कारणे कोणत्याही उत्पादकाच्या कागदांत सारखीच आढळतात : ऑइल न पोहोचणे, ऑइल घाण होणे, बाहेरची वस्तू आत जाणे आणि मर्यादेपलीकडे फिरणे. चारपैकी दोन ऑइलची आहेत. घाट चढून आल्याबरोबर किंवा सुसाट पळवून आणल्याबरोबर किल्ली फिरवली, तर तापलेल्या टर्बोतले ऑइल जागीच जळून त्याचा कोळसा होतो आणि बारीक नळ्या बुजतात. अनेक नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळते आणि इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप ते फिरवत राहतो; तरी शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवणे आणि थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवणे ही जुन्या चालकांची रीत आजही योग्यच आहे.

इतके वाचून बूस्टच वाईट, असे कुणाला वाटू नये. मर्सिडीज-एएमजीचे दोन लिटरचे एम १३९ इंजिन २.१ बारपर्यंत बूस्ट घेते आणि ४२१ पीएस देते, म्हणजे लिटरमागे २१० हून जास्त. ते टिकावे म्हणून त्यात फोर्ज केलेले पिस्टन, भोवतीने बंद ठेवलेला भक्कम ब्लॉक, सिलिंडरना खास लेप आणि टर्बोत रोलर बेअरिंग आहेत. दुसऱ्या टोकाला २००५ ची टोयोटा इनोव्हा : अडीच लिटरचे टर्बो डिझेल, १०२ पीएस, लिटरमागे जेमतेम ४१. लाखो किलोमीटर चाललेल्या भाड्याच्या इनोव्हा महाराष्ट्राच्या प्रत्येक एसटी स्टँडबाहेर दिसतात. दोन्ही इंजिने टर्बोची. एकाने महागड्या धातूने दाब पेलला, दुसऱ्याने दाबच कमी ठेवला. फसते ते मधले इंजिन : भाग इनोव्हाच्या वृत्तीचे आणि बूस्ट एएमजीच्या महत्त्वाकांक्षेचा.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. रीमॅप आढळल्यास इंजिनाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यातही आड येऊ शकतो. डाळिंबाच्या एका हंगामाचा पैसा घालून घेतलेल्या गाडीसाठी ही जोखीम लहान नाही.

पुढील पानांत हाच विषय भागाभागाने उलगडला आहे : टर्बोची रचना, बूस्टचे नियंत्रण, इंधन आणि नॉक, ऑइल आणि थंडावा, हवा आणि धूळ, आणि शेवटी रीमॅप करायचाच असेल तर तो कसा तपासावा. ही पाने गाडीचा मालक आणि तिच्यावर हात काळे करणारा मिस्त्री, दोघांसाठी आहेत. मिस्त्रीला कारण माहीत असते, मालकाला ते ऐकायला वेळ नसतो. दोघांनी एकाच पानावर यावे, एवढी या लेखनाची इच्छा आहे.

वाचकाला विनंती एकच. ताकद वाढवण्यावर पैसे घालण्यापूर्वी फिल्टरचा डबा, इंटरकूलरच्या नळ्या, कूलंट, स्पार्क प्लग आणि ऑइलचा दर्जा तपासून घ्या. बऱ्याचदा हरवलेला पिकअप तिथेच सापडतो. तरीही रीमॅप करायचा ठरला, तर ट्यून करणाऱ्याकडून बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि नॉक यांची लेखी नोंद मागा, आणि ती नोंद उन्हाळ्यात, भर दुपारी, आपल्याच रस्त्यावर गाडी चालवून घ्यायला लावा. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात घेतलेले आकडे मे महिन्यातल्या जतला लागू पडत नाहीत.